झिरो पाहिला, लिटर राहिलं

छत्रपती संभाजीनगरचा माणूस देवळात गेला की डोळे मिटतो आणि पेट्रोल पंपावर गेला की ते ताणून उघडतो. क्रांती चौकात संध्याकाळी सहाच्या सुमाराला हे दृश्य फुकट बघायला मिळतं. जालना रोडची गर्दी उड्डाणपुलाच्या वरूनही वाहत असते आणि खालूनही, शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा हा सगळा कल्ला उंचावरून बघत असतो आणि पंपावरच्या रांगेत हेल्मेट आरशाला अडकवलेले दुचाकीस्वार पायानं गाडी ढकलत इंचाइंचानं पुढे सरकत असतात. नंबर लागला की गाडी स्टँडवर चढते, टाकीचं झाकण हातात येतं आणि पंपावरचा पोरगा ठरलेलं वाक्य म्हणतो, "काका, झिरो बघा." काका झिरो बघतात. तलाठ्याच्या हातातला सातबारा बघावा तसा, आपलं नाव त्यातून गेलं तर नाही ना, या नजरेनं बघतात. मग पोराच्या हाताकडे, मग पाइपाकडे, मग पुन्हा मशीनकडे. हेच काका तासाभरापूर्वी जाधववाडीच्या मंडईत असतात तेव्हा भाजीवाला तराजू उचलतो कधी आणि पिशवीत उलटा करतो कधी, याकडे त्यांचं लक्षही नसतं. वर दोन मिरच्या आणि कोथिंबिरीच्या चार काड्या फुकट मिळाल्या की माप पूर्ण भरलं, असं त्यांचं मत होतं. रिक्षात बसताना ते भाडं तोंडी ठरवतात आणि रिक्षातल्या मीटरकडे शोभेची वस्तू म्हणून बघतात. फ्लॅट घेताना 'सुपर बिल्ट-अप' नावाचं क्षेत्रफळ ते मुकाट मान्य करतात, ज्यात जिना, लिफ्ट आणि बिल्डरची कल्पनाशक्ती या तिन्हींचे चौरस फूट धरलेले असतात. सराफानं घट किती धरली, घडणावळ कशाची लावली, हे विचारणं त्यांना असभ्यपणाचं वाटतं. आयुष्यभराची सगळी सावधगिरी त्यांनी साठवून ठेवलेली असते ती शंभर रुपयांच्या पेट्रोलसाठी.

यातली गंमत अशी की मोजमापाच्या बाबतीत पेट्रोल पंपाइतकं उघडं दुकान शहरात दुसरं नाही. भाव बाहेर मोठ्या अक्षरांत लावलेला असतो. 16 जून 2017 पासून तो देशभर रोज सकाळी सहा वाजता ठरतो, त्यामुळे पंपमालकाशी घासाघीस करण्याचाही प्रश्न येत नाही. मशीनचे आकडे गिऱ्हाइकाच्या तोंडासमोर पळत असतात. 2009 च्या वैध मापन शास्त्र अधिनियमाखाली त्या मशीनची दरवर्षी सरकारी तपासणी होते, तिच्यावर मुद्रा उमटते आणि आतल्या मापयंत्राला सील लागतं. पाच लिटर मोजून दिलं तर त्यात 25 मिलिलिटरपेक्षा जास्त फरक पडता कामा नये, म्हणजे चहाचे पाच चमचे, असा दंडक आहे. पाच लिटरचं प्रमाणित माप पंपावर ठेवावंच लागतं आणि कोणाही गिऱ्हाइकानं मागितलं तर त्याच्यासमोर मोजून दाखवावं लागतं. पेट्रोलच्या शुद्धतेची शंका आली तर फिल्टर पेपर मागता येतो. त्यावर थेंब टाकला की शुद्ध पेट्रोल डाग न ठेवता उडून जातं. तक्रारवही असते, हवा फुकट असते, पिण्याचं पाणी आणि स्वच्छतागृह असावं लागतं. इतकी बंधनं भाजीवाल्यावर घातली तर शहर उपाशी मरेल आणि बिल्डरवर घातली तर शहर बांधलंच जाणार नाही. तरीही चोर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पंप येतो. कारण सरळ आहे. संशय घ्यायला काहीतरी दिसावं लागतं. भाजीवाल्याकडे बघण्यासारखं काही नसतं, म्हणून तो भला माणूस ठरतो. पंपावर आकडे दिसतात, म्हणून पंपवाला आरोपी ठरतो. प्रामाणिकपणाचा पुरावा मांडणाऱ्यालाच आधी उलटतपासणीला उभं करायचं, ही आपली न्यायपद्धती आहे.

पण या लेखाची तक्रार संशयाबद्दल नाही. संशय असावा. तक्रार आहे ती त्याच्या नजरेबद्दल. पंपावर आपण नेमकं काय बघतो? मशीनवर तीन ओळी असतात: रक्कम, लिटर आणि दर. आपण बघतो ती रक्कम. कारण आपण पेट्रोल लिटरनं घेतच नाही, रुपयांनी घेतो. "शंभरचं टाक", "दोनशेचं टाक", आणि महिन्याची पहिली तारीख असेल तर छाती पुढे काढून "फुल कर". शंभरात आता पूर्ण लिटर येत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. पण किती येतं, हे रांगेतल्या माणसाला अचानक विचारलं तर तो आकाशाकडे बघेल. आता विचार करा. ज्या पंपाला माप मारायचंच आहे, तो रकमेच्या ओळीत कशाला हात घालेल? शंभर म्हटलं की मशीन शंभरावरच थांबणार. झिरोपासून सुरू होणार, शंभरावर थांबणार, आणि गिऱ्हाईक समाधानानं झाकण लावणार. जी ओळ कधीच खोटं बोलत नाही तिच्यावर आपण पहारा देतो. खोटं बोलू शकते ती लिटरची ओळ, आणि तिचं खोटं डोळ्यांनी दिसत नाही, कारण टाकीत पडलेल्या पेट्रोलवर खुणा केलेल्या नसतात. ते मापात ओतल्याशिवाय कळत नाही. अर्थात झिरो बघू नये, असं कोणी म्हणणार नाही. आधीच्या गिऱ्हाइकाच्या आकड्यापासून पुढे भरण्याची लबाडी होऊ शकते आणि तिला झिरो बघणं हाच उपाय आहे. पण ती लबाडी किरकोळ, उघड्यावरची आणि पकडली जाण्याजोगी आहे. झिरो बघून आपण दाराची कडी लावतो, आणि मागची भिंत आहे की नाही हे विचारायला विसरतो.

भिंतीचा विसर पडला की माणूस गंडेदोरे बांधतो. पंपाच्या बाबतीतले आपले गंडेदोरे चांगले पक्के आहेत. पहिला, शंभरऐवजी एकशे दहाचं भरणं. मशीनमध्ये शंभर, दोनशे, पाचशे या गोल आकड्यांवर काहीतरी करून ठेवलेलं असतं, सबब गोल नसलेला आकडा सांगावा, अशी ही श्रद्धा आहे. मोबाइलवरून ती काका-मामांच्या सगळ्या ग्रुपांवर वर्षातून दोनदा फिरते. मशीनच्या आत पेट्रोलच्या प्रवाहानं फिरणारं मापयंत्र असतं, त्याच्या फेऱ्यांचे विद्युत स्पंद होतात आणि ते मोजून आकडे पुढे सरकतात. कोणी त्या स्पंदांत गडबड केलीच, तर ती सहसा पहिल्या थेंबापासून लागू होते. गिऱ्हाइकानं शंभर सांगितलं की एकशे दहा, हे त्या स्पंदांच्या गावीही नसतं. शिवाय शंभराच्या आकड्यावर लबाडी करू शकणारा माणूस एकशे दहावर करू शकणार नाही, असं मानणं म्हणजे चोराला फक्त दहाचाच पाढा येतो असं मानणं. आणि आता निम्मी रांग एकशे दहाच सांगत असेल, तर तोच गोल आकडा झाला म्हणायचा. दुसरा गंडा पहाटेचा. सकाळी थंडीत पेट्रोल घट्ट असतं, म्हणून त्याच पैशात जास्त मिळतं. पेट्रोल उष्णतेनं प्रसरण पावतं हे खरं. पण पंपाची टाकी जमिनीखाली असते आणि तिथं मराठवाड्याचं ऊन पहाटे-दुपारी एवढा फरक पाडत नाही. दोन अंशांचा फरक धरला तरी लिटरमागे दोन-अडीच मिलिलिटरचा हिशेब होतो, म्हणजे पंचवीसेक पैसे. त्यासाठी सिडकोहून पहाटे उठून क्रांती चौकापर्यंत येणारा माणूस येण्याजाण्यात त्याच्या कितीतरी पट पेट्रोल जाळतो आणि वर घरी सांगतो की आज फायदा झाला. तिसरा उपाय गाडी हलवण्याचा. नोझल बाहेर काढताना गाडी दोन्ही हातांनी गदागदा हलवली की पाइपातलं उरलेलं पेट्रोल शरमेनं खाली येतं, असा समज आहे. यात पेट्रोल किती वाढतं ते माहीत नाही, व्यायाम मात्र होतो.

इथं जाणकार वाचक 2017 साल काढणार, आणि त्यानं ते काढलंच पाहिजे. त्या वर्षी एप्रिलमध्ये उत्तर प्रदेश पोलिसांच्या विशेष कृती दलानं लखनौतल्या पंपांवर छापे घातले. मशीनमध्ये चिप बसवलेली सापडली आणि ती रिमोटनं चालू-बंद करता येत होती. पुढच्या काही महिन्यांत ठाणे पोलिसांच्या गुन्हे शाखेनं महाराष्ट्रातल्या अनेक जिल्ह्यांत पंप तपासले आणि इथंही मशीनच्या आतल्या भागांशी खेळ केलेला आढळला. म्हणजे काकांचा संशय खराच होता की! होता, शंभर टक्के होता. पण ही चोरी पकडली कशी गेली, हे बघितलं की काकांचा अभिमान जरा खाली बसतो. झिरोकडे बघत उभ्या असलेल्या लाखो गिऱ्हाइकांपैकी कोणी ती पकडली नाही. त्या सगळ्यांना झिरो अगदी व्यवस्थित दिसत होता. चिप असलेल्या मशीनचा झिरोही झिरोच असतो आणि शंभरही शंभरच. पोलिसांच्या हाती माहिती लागली, मशीन उघडली गेली, मापं लावून पेट्रोल मोजलं गेलं, तेव्हा चोरी बाहेर आली. यातून दोन निष्कर्ष निघतात. एक, पंपावर संशय घेणं बरोबर आहे. दोन, आपण ज्या पद्धतीनं तो घेतो, त्या पद्धतीचा चोराला काडीचाही त्रास होत नाही. उलट सोयच होते. गिऱ्हाईक झिरोकडे बघण्यात गुंतलेलं असणं, हीच चिपवाल्याची खरी सुरक्षा व्यवस्था. "झिरो बघा" हे वाक्य प्रामाणिक पंपावर जितक्या मनापासून म्हटलं जातं, तितक्याच मनापासून लबाड पंपावरही म्हणता येतं, आणि ते दोन्हीकडे खरंच असतं.

संशयाची नजर चुकली की तो भलत्याच माणसावर जाऊन बसतो, याचं ताजं उदाहरण म्हणजे इथेनॉल. देशात पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळायचं, असं सरकारचं धोरण आहे. हे उद्दिष्ट आधी 2030 चं होतं, ते 2025 वर आणलं गेलं. इथेनॉलमध्ये तेवढ्याच पेट्रोलच्या मानानं सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, म्हणून गाडीचं ॲव्हरेज थोडं घसरतं. थोडं म्हणजे किती, यावर सरकार आणि गाडीमालक यांचं एकमत नाही. पण ॲव्हरेज घसरलं की माणूस धोरणावर चिडत नाही, पंपावरच्या पोरावर चिडतो. "तुमच्या पंपाचं पेट्रोल बरोबर नाही." पंपाचं पेट्रोल म्हणजे काही त्याच्या विहिरीचं पाणी नव्हे, ते मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोतून टँकरनं येतं, आणि शेजारच्या पंपावरही तिथूनच येतं. मराठवाड्यात या गोष्टीला आणखी एक पदर आहे. इथेनॉलचा मोठा वाटा येतो उसापासून. पैठण-गंगापूरकडचा ऊस उत्पादक साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर संशय घेतो. काटामारीविरुद्ध महाराष्ट्रात आंदोलनं झाली आहेत, आणि ती उगाच झालेली नाहीत. तोच शेतकरी मोटारसायकलवर शहरात येतो आणि पंपावर पेट्रोलच्या मापावर संशय घेतो. एकाच उसाचा संशय दोनदा घ्यायची पाळी आली आहे, एकदा देताना आणि एकदा विकत घेताना. फरक एवढाच की कारखान्यावर तो संघटना करून काटा तपासायला लावतो, आणि पंपावर मात्र गाडी हलवून समाधान मानतो.

नाण्याची दुसरी बाजू पंपवाल्याच्या गल्ल्यात आहे. अमेरिकेत गिऱ्हाईक स्वतःच नोझल हातात घेतं, म्हणून तिथल्या दुकानदाराची भीती वेगळी: हा माणूस टाकी भरून पळून गेला तर? त्यावर तिथं आधी पैसे, मग पेट्रोल, असा उपाय निघाला. न्यू जर्सी राज्यानं मात्र 1949 पासून गिऱ्हाइकाला नोझलला हातच लावू दिलेला नाही. क्रांती चौकातल्या पंपाला पळून जाणाऱ्या गिऱ्हाइकाची भीती बाळगायचं कारण नाही. संध्याकाळी सहा वाजता पैसे न देता पळालेला माणूस पहिल्या सिग्नलपर्यंत पोहोचायच्या आत पंपावरचा पोरगा चालत जाऊन त्याला गाठेल, आणि वाटेत चहाही पिऊन येईल. इथलं गिऱ्हाईक पळत नाही. ते थांबून फसवतं. चार घड्या घातलेली नोट, जिचा पाचवा भाग बेपत्ता असतो, ती पंपावर खपते असा सर्वांचा विश्वास आहे. 8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री पाचशे-हजारच्या नोटा बाद झाल्या, पण पुढे काही दिवस त्या पंपावर चालत राहिल्या, पाचशेची तर 2 डिसेंबरपर्यंत. तेव्हा ज्या पंपावर शंभर मिलिलिटरचा विश्वास नव्हता, त्याच पंपावर लोक आयुष्याची बचत घेऊन टाकी फुल करायला उभे राहिले. 19 मे 2023 ला दोन हजाराची नोट मागे घेण्याची घोषणा झाली, आणि दुसऱ्या दिवसापासून शंभरच्या पेट्रोलला दोन हजाराची नोट पुढे करून "सुटे द्या" म्हणणारे उगवले. गिऱ्हाईक मापाबद्दल जेवढं हळवं असतं तेवढं नोटेबद्दल नसतं.

डिजिटल पैसे आले तेव्हा वाटलं होतं की हा सगळा झगडा मिटेल. झालं असं की दोघांनीही एकमेकांवर विश्वास ठेवायचा सोडून तिसऱ्यावर ठेवला. आता पैसे पाठवल्यावर गिऱ्हाईक मोबाइलची हिरवी खूण दाखवतं आणि पोरगा तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही, कारण खोटी हिरवी खूण दाखवणारी ॲपही निघाली आहेत. तो थांबतो ते काउंटरवरच्या डब्यातल्या बाईंच्या आवाजासाठी. बाई "शंभर रुपये प्राप्त झाले" म्हणाल्या की नोझल जागेवर जातं, गाडी सुटते आणि मागचा हॉर्न थांबतो. नेटवर्क गेलं की बाई मुक्या होतात आणि दोन सज्जन माणसं एकमेकांकडे दरोडेखोरासारखी बघत उभी राहतात. पंपवाल्यांचा या पैशांवरचा राग बिनबुडाचा नाही. जानेवारी 2017 मध्ये कार्डाच्या व्यवहारावर एक टक्का शुल्क लागणार म्हटल्यावर डीलरांनी कार्ड घेणं बंद करण्याचा इशारा दिला होता, कारण लिटरमागे काही रुपयांच्या कमिशनमधून तो टक्का जाणार होता. मे 2025 मध्ये विदर्भातल्या डीलरांनी 10 तारखेपासून डिजिटल पैसे घेणार नाही, असं जाहीर केलं. कारण असं की कुठल्यातरी सायबर चोरानं लुटीच्या पैशातून गाडीत पेट्रोल भरलं की तपासात पंपाचंच बँक खातं गोठवलं जात होतं. चोर निघून जातो, पेट्रोल जळून जातं आणि मागे उरतो तो पंपमालक. म्हणजे गिऱ्हाईक विचारतं, माप खरं आहे का. आणि पंप विचारतो, पैसे खरे आहेत का. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. फरक असा की पंपानं आपल्या प्रश्नाचं उत्तर मिळवायला डबा बसवला, बोलणारी बाई आणली. गिऱ्हाइकाच्या प्रश्नाचं उत्तर पंपावर आधीपासून ठेवलेलं आहे, आणि ते कोणी मागत नाही.

यावर एक आक्षेप असा येईल की झिरो बघण्यानं बिघडतं काय? फायदा नसेल तर नसू दे, तोटा तर नाही! तोटा आहे, आणि तो नेमका चुकीच्या माणसाला होतो. आपला सगळा संशय झेलतो तो नोझलवर उभा असलेला पोरगा किंवा ताई. मशीनच्या आत काय आहे, हे त्यांना माहीत असायचं कारण नाही. भाव त्यांनी ठरवलेला नाही, इथेनॉल त्यांनी मिसळलेलं नाही, लिटरमागचा मोठा कर त्यांच्या खिशात जात नाही. पाळीच्या शेवटी हिशेबात तूट आली तर अनेक ठिकाणी ती त्यांच्याच पगारातून जाते. सरकारनंही याच माणसाला वेळोवेळी आपला अधिकारी नेमलेलं आहे. 2016 मध्ये परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी हेल्मेट नसेल तर पेट्रोल नाही, असं जाहीर केलं. नोव्हेंबर 2021 मध्ये याच जिल्ह्यात कोरोनाची लस घेतल्याचं प्रमाणपत्र दाखवल्याशिवाय पेट्रोल देऊ नये, असा जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश निघाला आणि पंपावरचा पोरगा एका रात्रीत आरोग्याधिकारी झाला. शासनानं ज्याच्यावर सार्वजनिक आरोग्य सोपवलं, त्याच्यावर आपण पाच मिलिलिटरही सोपवत नाही. दुसरा तोटा प्रामाणिक पंपमालकाचा. खरं माप देणारा आणि मारणारा या दोघांकडे आपण सारख्याच डोळ्यांनी बघतो, तेव्हा खरं माप देण्यात त्याला काय मिळतं? सगळेच चोर, हे वाक्य ऐकायला कडक वाटतं, पण चोरासाठी ते सवलतीचं आहे. त्याची चोरी सर्वसाधारण ठरते आणि प्रामाणिक माणसाचा वेगळा भाव उरत नाही. आणि हा संशयही किती पक्का? जानेवारी 2024 च्या पहिल्या दोन दिवसांत टँकरचालकांचं आंदोलन पेटलं, पानेवाडीहून टँकर निघेनात, आणि शहरातल्या पंपांवर मैलभर रांगा लागल्या. त्या रांगेत झिरोची चौकशी करायला कोणाला फुरसत होती? मिळतंय हेच माप झालं होतं. टंचाई आली की वितळतो, तो संशय नव्हे, सवय आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पाच लिटरचं माप मागा, हे सांगायला सोपं. पण क्रांती चौकात संध्याकाळी सहा वाजता कोणी ते मागितलं, तर मागचे चाळीस लोक त्यालाच मापात घालतील. अगदी खरं. म्हणून प्रत्येकानं दर वेळी मागायचं नसतं. दुपारी अडीच वाजता, जेव्हा हे शहर वामकुक्षी करतं आणि पंपावर दोन रिक्षांशिवाय कोणी नसतं, तेव्हा मागावं. महिन्यातून एका पंपावर दहा-वीस गिऱ्हाइकांनी जरी मागितलं, तरी माप मारायचा विचार करणाऱ्या मालकाला रात्री झोप लागणार नाही. लिटरमागे 30 मिलिलिटर मारले, तर पाच लिटरच्या मापात 150 मिलिलिटर कमी दिसतील. परवानगी 25 ची आहे. हा फरक बघायला तंत्रज्ञ लागत नाही, चष्मा असला तरी पुरे. मोजलेलं पेट्रोल परत टाकीत जातं, पैसे पडत नाहीत. माप देणार नाही म्हटलं तर तक्रारवही मागावी, वैध मापन शास्त्र विभागाला कळवावं, नाहीतर ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक फिरवावा. आणि तक्रार करायची तर हातात पावती लागते, जी आपण कधीच घेत नाही, कारण शंभरच्या पेट्रोलची पावती मागणं आपल्याला कंजूसपणाचं वाटतं. शंभरच्या पेट्रोलसाठी गाडी हलवणं मात्र वाटत नाही.

तिसरा आक्षेप कोणी बोलून दाखवत नाही, पण खरा तोच आहे: लाज वाटते. माप मागितलं तर लोक काय म्हणतील, पंपवाला काय म्हणेल, उगाच वाद कशाला. हे धैर्याचं दुर्भिक्ष्य नेमकं क्रांती चौकात दिसावं, याला नवल म्हणायचं. 1857 च्या उठावात बंड करणाऱ्या सैनिकांना इथल्या काळ्या चबुतऱ्यावर मृत्युदंड दिला गेला, म्हणून हा क्रांती चौक. 9 ऑगस्ट 2016 ला मराठा क्रांती मोर्चाची सुरुवात याच चौकातून झाली. पक्ष कोणताही असो, महागाईच्या निषेधाला शहर इथंच जमतं. इथं उभं राहून आपण दिल्लीला जाब विचारतो, मुंबईला इशारा देतो, आणि मोर्चा संपला की बाजूच्या पंपावर जाऊन पाच लिटरचं माप मागायला आपली जीभ रेटत नाही. सरकारला उलथण्याची भाषा करणाऱ्या आवाजात "दादा, जरा मोजून दाखवता का?" हे वाक्य का बसू नये? ते उद्धट नाही. प्रामाणिक पंपवाल्याला तर ते आवडायलाच हवं, कारण एकदा मोजून दाखवलं की त्याच्या प्रामाणिकपणाला साक्षीदार मिळतो, आणि साक्षीदार घरी जाऊन शेजाऱ्यांना सांगतो.

तेव्हा निवाडा असा. पंपावर विश्वास ठेवायचा की नाही, हा प्रश्न चुकीचा आहे; विश्वास न मोजता ठेवायचा नसतो आणि संशयही न मोजता घ्यायचा नसतो. झिरो बघा, पण नुसता झिरो बघून घरी जाऊ नका. रुपयांऐवजी लिटरची ओळ वाचायला शिका. एकशे दहाऐवजी कधीतरी सरळ "एक लिटर" म्हणा. पावती घ्या. वर्षातून एकदा आपल्या नेहमीच्या पंपावर दुपारच्या निवांत वेळी पाच लिटरचं माप मागा, आणि ते बरोबर भरलं तर पोराला तसं सांगा, कारण त्याला हे वाक्य फार ऐकू येत नाही. कमी भरलं तर मात्र गप्प बसू नका. माप मागण्याचा हक्क कायद्यानं दिलेला आहे, आणि पाच लिटरचं ते माप पंपावरच ठेवलेलं असतं.